मोजून घ्यायला आपण नसू तेव्हा

आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत अगदी तळाशी एक गाठोडं असायचं. त्यात नवं कोरं नऊवारी, सीलबंद गंगेचा गडू, तुळशीमण्यांची माळ आणि रुमालात बांधलेल्या पाचशेच्या बारा नोटा. “हे माझ्या मयताचे पैसे. माझ्यापायी कुणापुढे हात पसरायला नको,” असं ती घरातल्या प्रत्येकाला निदान दहा वेळा सांगून ठेवायची. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री त्या बारा नोटा बाद झाल्या. वडिलांनी बँकेत हेलपाटे घालून दोन हजारांच्या तीन गुलाबी नोटा आणल्या आणि तिच्या हातात दिल्या. तिने त्या दोनदा मोजल्या, उजेडात धरून पाहिल्या आणि मगच रुमालाला पुन्हा गाठ मारली.

जगातल्या अनेक देशांत या गाठोड्याचा आता मोठा व्यवसाय झाला आहे. आपल्या अंत्यविधीचे पैसे आपण हयात असतानाच कंपनीकडे भरायचे, एकरकमी किंवा हप्त्याने. शवपेटी कोणती, दहन की दफन, गाडी किती, सारं आधी ठरवायचं. त्या बदल्यात कंपनी प्रमाणपत्र देते आणि दहा, वीस, कधी तीस वर्षांनी सेवा देण्याचं वचन. इंग्लंड-अमेरिकेत, जपानमध्ये, ऑस्ट्रेलियात अशी वचनं लाखोंनी विकली गेली आहेत. गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या शहरांतही त्यांची चाहूल लागली आहे.

हा व्यवहार इतर कुठल्याही खरेदीसारखा नाही. फ्रिज बिघडला तर आपण दुकानात जाऊन भांडतो. इथे पैसे भरणारा माणूस सेवा मिळण्याच्या क्षणी जगात नसतो. मागे राहिलेले लोक दुःखात असतात, घाईत असतात आणि पुष्कळदा त्यांना योजनेचा पत्ताही नसतो. आजीने नोटा मोजल्या तसं मोजून घेणारं इथे कुणी उरत नाही. म्हणून या विषयातला मूळ प्रश्न एकच आहे: पैसे भरल्याच्या दिवसापासून चितेच्या दिवसापर्यंत ते राहतात कुठे, आणि मधल्या काळात ते मोजतं कोण? निरनिराळ्या देशांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरं आणि ती उत्तरं मिळेपर्यंत सामान्य माणसांनी मोजलेली किंमत, यांचा हा आढावा.

भीतीतून उभा राहिलेला बाजार

ब्रिटनमधली गोष्ट सुरू होते ती गरिबांच्या भीतीपासून. १८३२च्या ॲनाटमी ॲक्टने बेवारस प्रेतं वैद्यकीय शाळांना विच्छेदनासाठी देण्याची वाट मोकळी केली. दोनच वर्षांनी आलेल्या नव्या गरीब कायद्याने वर्कहाउसची, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवून घेणाऱ्या सरकारी घरांची, व्यवस्था कठोर केली. वर्कहाउसमध्ये मेलेल्या आणि कुणी हक्क न सांगितलेल्या माणसाचा देह विच्छेदनाच्या टेबलावर जाऊ शकत होता. ज्याचं दफन सरकारी खर्चाने होई त्याच्या घराण्याला तो कायमचा डाग वाटे. त्यामुळे कामगार वस्त्यांत दफन-मंडळं फोफावली. आठवड्याला एक-दोन पेनी भरायची आणि मरणानंतर चारचौघांसारखं दफन मिळवायचं. प्रुडेन्शियलसारख्या विमा कंपनीने १८५४पासून कामगारांसाठी छोट्या रकमांचा विमा सुरू केला आणि तिचे एजंट दारोदार पेन्या गोळा करू लागले. पोटाला चिमटा काढून भरलेल्या या पेन्यांमागे एकच इच्छा होती, मरणानंतर आपल्या देहाची विटंबना होऊ नये.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या कल्याणकारी राज्याने ही जबाबदारी काही अंशी स्वतःकडे घेतली. १९४९पासून २० पौंडांचं मृत्यू-अनुदान सुरू झालं. पुढे ते ३० पौंडांवर पोचलं आणि तिथेच अडकलं. महागाईने त्याचा अर्थ खाऊन टाकला आणि १९८७ साली ते बंद झालं. त्याच्या जागी फक्त अत्यंत गरिबांसाठी मदत उरली. आगाऊ पैसे भरायच्या योजना ब्रिटनमध्ये रुजल्या त्या याच दशकात.

त्यांना खतपाणी घातलं वाढत्या खर्चाने. सनलाइफ ही विमा कंपनी दरवर्षी या खर्चाची पाहणी करते. तिच्या आकड्यांनुसार साध्या अंत्यविधीचा सरासरी खर्च २००४ साली १,९२० पौंड होता, तो २०२३ साली ४,१४१ पौंडांवर गेला. ब्रिटनच्या स्पर्धा आयोगानेही २०१८ साली नोंदवलं की दहा वर्षांत अंत्यविधीच्या मूलभूत खर्चात दोन-तृतीयांशाहून अधिक वाढ झाली होती. “आजच्या भावाने उद्याचा अंत्यविधी” ही जाहिरात सत्तरीतल्या माणसाला पटली तर त्यात नवल नाही. मुलांवर भार पडू नये ही तळमळ आजीच्या मनात होती तशीच लीड्समधल्या किंवा ग्लासगोमधल्या आजीच्याही मनात होती.

पैसे ठेवायच्या तीन जागा

वचन पाळायचं तर कंपनीने मिळालेले पैसे कुठेतरी सांभाळायला हवेत. त्याच्या तीन तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा न्यासाची. ग्राहकांचे पैसे कंपनीच्या खात्यापासून वेगळे काढून विश्वस्तांकडे द्यायचे. विश्वस्त ते गुंतवतात आणि एकेका ग्राहकाचा मृत्यू होईल तसे त्यातून अंत्यविधीचे पैसे चुकते करतात. दुसरी तऱ्हा विम्याची. प्रत्येक ग्राहकाच्या नावाने आजीवन विमा घ्यायचा आणि त्याची रक्कम अंत्यविधीसाठी वापरायची. तिसरी तऱ्हा म्हणजे नुसता शब्द. पैसे कंपनीच्या धंद्यातच राहतात आणि वेळ आली की कंपनी चालू गल्ल्यातून खर्च करते. नवे ग्राहक येत राहतात तोवर हे चालतं. ओघ आटला की जुन्यांना द्यायला काही उरत नाही.

न्यासाच्या तऱ्हेतही खड्डे आहेत. समजा, कुणी आज एक लाख रुपये भरले आणि अंत्यविधीचा खर्च दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत गेला. वीस वर्षांनी त्याच अंत्यविधीला साधारण २ लाख ६५ हजार लागतील. पूर्ण एक लाख गुंतवले असतील तर वर्षाला ५ टक्के परतावा पुरेल. पण विक्री करणाऱ्या एजंटाला सुरुवातीलाच १५ हजार दलाली दिली, तर उरलेल्या ८५ हजारांना जवळपास ५.९ टक्के मिळवावे लागतात, तेही वीस वर्षं अखंड, एकही वाईट वर्ष न येता. ही तूट भरून काढायला कुणी जोखमीच्या जागी पैसे लावले आणि ते बुडाले, तर ग्राहकाला ते कळायला मार्ग नसतो. त्याच्या कपाटातलं प्रमाणपत्र मात्र तसंच नवंकोरं असतं.

आणखी एक बारकावा. बऱ्याच योजना अंत्यविधी करणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या कामाची हमी देतात. स्मशानाचं शुल्क, दफनाची जागा, धर्मगुरूची दक्षिणा या बाहेरच्या खर्चांपोटी मात्र त्या केवळ ठरावीक रकमेपर्यंत हातभार लावतात. सगळं भरून झालं या समजुतीत असलेल्या कुटुंबापुढे ऐनवेळी उरलेलं बिल येतं. “हमी” आणि “हातभार” या दोन शब्दांतलं अंतर विक्रीच्या वेळी सांगणं ही किमान सचोटी आहे, आणि तीच अनेकदा पाळली गेली नाही.

ब्रिटन: वीस वर्षांची पळवाट

ब्रिटनमध्ये या योजना २००२पासून वित्तीय कायद्याच्या कक्षेत आल्या, पण त्याच कायद्याने एक दार उघडं ठेवलं. पैसे न्यासात ठेवले किंवा आजीवन विम्यात गुंतवले तर वित्तीय नियामकाच्या परवान्याची गरज नव्हती. न्यासासाठी अटी होत्या: निम्म्याहून अधिक विश्वस्त कंपनीशी संबंध नसलेले हवेत, दरवर्षी लेखापरीक्षण हवं आणि निदान तीन वर्षांतून एकदा विमागणितज्ञाने तपासणी करायला हवी. कागदावर हे बरं दिसतं. पण या अटी पाळल्या जातात की नाही हे पाहायला दारात उभं राहणारं कुणी नव्हतं. साऱ्या कंपन्या त्या उघड्या दारातून बाहेर पडल्या. व्यवसायाने स्वतःच उभारलेल्या फ्युनरल प्लॅनिंग ऑथॉरिटीचं सदस्यत्व ऐच्छिक होतं. ज्याला नको असेल त्याला जबरदस्ती नव्हती.

२०१७ साली फेअरर फायनान्स या संस्थेच्या अहवालाने विक्रीतली दडपणं, चढी दलाली आणि न्यासांची अपारदर्शकता उजेडात आणली. अर्थ मंत्रालयाने २०१८ साली पुरावे मागवले, २०१९ साली सल्लामसलत केली आणि २०२१ साली कायदा केला. २९ जुलै २०२२पासून हा बाजार फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटी या वित्तीय नियामकाकडे सोपवायचं ठरलं.

नियम लागू होण्याच्या चार महिने आधीच दुर्घटना घडली. सेफ हँड्स प्लॅन्स या कंपनीने परवान्यासाठी केलेला अर्ज मागे घेतला आणि मार्च २०२२मध्ये ती प्रशासकांच्या ताब्यात गेली. तिचे सुमारे ४६ हजार ग्राहक होते, बहुतेक वयस्क. नव्या व्यवस्थेत अशा ग्राहकाला भरपाई योजनेचं संरक्षण मिळणार होतं. ते २९ जुलैनंतरच्या बुडीतांसाठी होतं, म्हणून या ४६ हजारांच्या वाट्याला आलं नाही. डिग्निटी या मोठ्या कंपनीने पुढे येऊन काही काळ मृतांचे अंत्यविधी पार पाडले. पण आयुष्यभराची शिल्लक भरून निश्चिंत झालेल्या बाकीच्यांना पुन्हा पहिल्यापासून विचार करायची वेळ आली. ऑक्टोबर २०२३मध्ये सीरियस फ्रॉड ऑफिसने कंपनीची आणि तिच्या पालक कंपनीची चौकशी सुरू केली.

ब्रिटनचे नवे नियम तपशिलाने पाहायला हवेत, कारण आजवरच्या चुकांची यादीच त्यांत उलटी करून मांडलेली आहे. न बोलावता फोन करून किंवा दारात येऊन विक्री करायला बंदी. मध्यस्थाला दलाली द्यायला बंदी. न्यासात जमा रकमेतून सारी देणी भागतात का, याची तज्ज्ञाकडून दरवर्षी तपासणी, आणि तूट दिसली तर ती भरून काढण्याची जबाबदारी. हप्ते पूर्ण होण्याआधी मृत्यू आला तरी अंत्यविधी करणं बंधनकारक. पहिल्या दोन वर्षांत मृत्यू आला तर निदान भरलेले सारे पैसे परत. कंपनी बुडाली तर भरपाई योजनेकडून ८५ हजार पौंडांपर्यंत संरक्षण, आणि तक्रारीसाठी लोकपाल. सुरुवातीला परवाना मिळालेल्या कंपन्यांकडे मिळून सुमारे १६ लाख योजना होत्या. अनेक छोट्या कंपन्यांनी आपले ग्राहक मोठ्यांकडे सोपवले आणि बाजार सोडला.

यात दलालीवरची बंदी मला सर्वांत मोलाची वाटते. विकणाऱ्याचं पोट ग्राहकाच्या सह्यांवर भरत असेल तर तो खरं सांगेल ही अपेक्षाच चुकीची ठरते. वरचं गणित पाहिलं तर लक्षात येतं की दलाली ही पहिल्याच दिवशी न्यासाला पडलेलं भोक असतं.

अमेरिका: व्हाइटनर लावलेले अर्ज

अमेरिकेत जेसिका मिटफर्ड यांच्या १९६३ सालच्या ‘द अमेरिकन वे ऑफ डेथ’ या पुस्तकाने अंत्यविधी-व्यवसायाची झडती घेतली. त्यातून उठलेल्या चर्चेची परिणती १९८४ साली फेडरल ट्रेड कमिशनच्या ‘फ्युनरल रूल’मध्ये झाली. ग्राहकाला प्रत्येक वस्तूचा आणि सेवेचा वेगळा दर लेखी द्यायचा, फोनवर विचारलं तरी दर सांगायचा, आणि नको असलेल्या वस्तू गळ्यात बांधायच्या नाहीत. हा नियम आगाऊ ठरवलेल्या अंत्यविधीलाही लागू आहे. पण भरलेले पैसे कुठे राहतील, हा विषय राज्यांच्या कायद्यांवर सोडला गेला. न्यूयॉर्कमध्ये पूर्ण रक्कम न्यासात ठेवावी लागते. काही राज्यांत विक्रेता त्यातला मोठा वाटा आधीच काढून घेऊ शकतो.

तिथे या योजनांना आणखी एका कारणाने मागणी आहे. वृद्धाश्रमाच्या खर्चासाठी सरकारी मेडिकेड मदत हवी असेल तर माणसाजवळची मालमत्ता अगदी तुटपुंजी असावी लागते. अपरिवर्तनीय करारात अडकवलेले अंत्यविधीचे पैसे त्या मोजदादीतून वगळले जातात. त्यामुळे हातातली शेवटची शिल्लक सरकारी नियमांत बसवायला अनेक वृद्ध ती अशा योजनेत टाकतात. ती बुडाली की त्यांच्याकडे दुसरं काहीच नसतं.

मिझुरीतल्या नॅशनल प्रीअरेंज्ड सर्व्हिसेस या कंपनीचं प्रकरण या विषयातलं सर्वांत मोठं. १९९०च्या दशकापासून अनेक राज्यांत तिने योजना विकल्या. ग्राहक पूर्ण रक्कम एकदम भरत. कंपनी त्यातला छोटा हिस्सा आपल्याच गटातल्या विमा कंपनीकडे हप्ता म्हणून पाठवी आणि उरलेले पैसे फिरवी. त्यासाठी ग्राहकांच्या अर्जांत बदल केले जात. पॉलिसीच्या मालकाचं किंवा लाभार्थीचं नाव व्हाइटनरने पुसून तिथे कंपनीचं नाव लिहिलं जाई. म्हाताऱ्या माणसाने थरथरत्या हाताने सही केलेला कागद, आणि त्याच्यावर पांढरा लेप. २००८ साली हा डोलारा कोसळला. सुमारे ९७ हजार ग्राहक त्यात अडकले. २०१३ साली सहा जणांना शिक्षा झाली; कंपनीच्या प्रमुखाला नऊ वर्षांहून अधिक तुरुंगवास आणि कोट्यवधी डॉलरच्या भरपाईचे आदेश. अनेक लहान फ्युनरल होमनी तोटा सोसून जुने करार पाळले, कारण गावात रोज तीच माणसं भेटणार होती. काही भार राज्यांच्या विमा-हमी निधींनी उचलला.

इथे न्यासही होता आणि विमाही होता. पण दोन्ही एकाच घरातले होते. ज्याच्याकडे पैसे आणि ज्याच्याकडे तपासणी, ते दोघं नातलग असतील तर कुठलीही रचना पोकळच राहते.

ऑस्ट्रेलिया: विश्वासाचा गैरफायदा

ऑस्ट्रेलियातली कहाणी वाचताना अधिक त्रास होतो. अबोरिजिनल कम्युनिटी बेनिफिट फंड, पुढे युप्ला, या नावाने १९९२पासून मूलनिवासी वस्त्यांत दारोदार अंत्यविधी-विमा विकला गेला. नाव आणि चित्रं अशी की संस्था समाजाचीच आहे असं वाटावं. प्रत्यक्षात मालकी खासगी होती. मूलनिवासी समाजात मृत्यूनंतर दूरदूरचे नातलग जमतात आणि शोकविधी दिवसेंदिवस चालतो. तो नीट न होणं हा मृताचा अपमान मानला जातो. त्या भावनेवरच विक्री झाली. लहान मुलांच्या नावानेही पॉलिसी घेतल्या गेल्या. अनेकांनी वर्षानुवर्षं हप्ते भरून मिळू शकणाऱ्या रकमेहून जास्त पैसे घातले.

अंत्यविधी-खर्चाच्या अशा योजनांना वित्तीय कायद्यातून सूट होती. २०१८च्या बँकिंग रॉयल कमिशनपुढे हे प्रकरण उघड झालं, पुढे ती सूट काढून घेतली गेली. पण मार्च २०२२मध्ये संस्था बुडाली तेव्हा नुकसान होऊन गेलं होतं. पैशांअभावी मृतदेह शवागारात पडून राहिल्याच्या बातम्या आल्या. शेवटी केंद्र सरकारने पुढाकार घेतला आणि २०२४पासून बाधितांना भरलेल्या हप्त्यांच्या ६० टक्के रक्कम द्यायला सुरुवात केली. सरकारने स्वतः दिलेल्या सूटीची किंमत करदात्यांनी भरली.

विमा, मंडळं आणि अर्धी हमी

सगळीकडे चित्र इतकं काळं नाही. स्पेनमध्ये अंत्यविधी-विम्याची जुनी परंपरा आहे. जवळपास निम्मी लोकसंख्या त्यात येते, आणि विमा कंपनी पैशांऐवजी थेट सेवाच उभी करते. नेदरलँड्समधली डेला ही १९३७ साली आइंडहोव्हनमध्ये सुरू झालेली सहकारी संस्था आजही सदस्यांच्या मालकीची आहे. विमा कंपनीवर देणी भागवण्याइतकी मालमत्ता राखण्याचं कायदेशीर बंधन असल्याने बुडण्याचा धोका कमी. त्रुटी वेगळ्या जागी आहे: दीर्घायुषी माणूस हप्ते भरत राहतो आणि भरलेली रक्कम लाभाच्या पुढे निघून जाते.

जपानमध्ये युद्धानंतरच्या टंचाईत, १९४८ साली योकोसुका शहरात गोजोकाई, म्हणजे परस्परसाहाय्य मंडळ, सुरू झालं. महिन्याला थोडे पैसे भरायचे आणि लग्न किंवा अंत्यविधीच्या वेळी सेवा घ्यायची. पुढे ही मंडळं कंपन्या झाल्या आणि १९७२ साली त्यांना हप्तेबंद विक्रीच्या कायद्याखाली परवाना सक्तीचा झाला. ग्राहकांच्या आगाऊ रकमेपैकी निम्मी रक्कम सुरक्षित ठेवावी लागते. दक्षिण कोरियानेही २०१०च्या कायद्याने निम्म्याचाच नियम आणला आणि पुढे कंपन्यांच्या किमान भांडवलाची अट पाचपट केली. निम्मी हमी शून्यापेक्षा बरी. पण निम्मा अंत्यविधी असं काही नसतं, हेही खरं.

दक्षिण आफ्रिकेतल्या दफन-मंडळांची मुळं खाणकामगारांत आहेत. शहरात मेलेल्या माणसाचा देह गावी पोचवायचा खर्च एकट्याला झेपत नसे, म्हणून वर्गणी. आजही ती मंडळं जोरात आहेत. सरकारने २०१८पासून लागू केलेल्या नव्या विमा कायद्यात छोट्या अंत्यविधी-विम्यासाठी वेगळी सोपी चौकट आखली, आणि कागद पूर्ण झाल्यावर दोन कामकाजी दिवसांत पैसे देण्याचं बंधन घातलं. मयताच्या घरी पैसे महिन्याने पोचले तर त्याचा उपयोग काय, हे ज्याने ओळखलं त्याने हा नियम लिहिला असणार.

आपल्या दारात

हे वाचताना मुंबईतल्या चाळींची आठवण येते. कोकणातल्या गावांच्या मंडळांनी गिरणगावात मयत फंड चालवले. महिन्याची ठरलेली वर्गणी, आणि कुणी गेलं की त्याच संध्याकाळी रक्कम घरपोच. हिशोबाची वही वार्षिक सभेत वाचली जाई. खजिनदार समोरच्याच खोलीत राहायचा. कुठला नियामक नव्हता, पण मोजणारे डोळे शंभर होते.

ते डोळे आता पांगले आहेत. मुलं परदेशी, भावंडं दुसऱ्या शहरात, सोसायटीत शेजाऱ्याशी जेमतेम ओळख. आपल्याकडे अंत्यसंस्कार काही तासांत उरकतात, ब्रिटनसारखे दोन-तीन आठवडे मिळत नाहीत. घरी मृत्यू आला तर डॉक्टरकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला, मग स्मशानाचा पास, शववाहिनी, बांबू, मडकं, सुतळी, गुरुजी, पुढे अस्थी आणि दहावा. सत्तरीतल्या एकट्या बाईने नवऱ्याच्या देहाशेजारी बसून हे सगळं फोनवरून कसं जमवायचं? आपल्याकडे आधी टंचाई आहे ती हातांची, पैशांची त्यानंतर. नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या व्यापार मेळ्यात मुंबईच्या एका कंपनीने सजवलेली तिरडी मांडून ३७,५०० रुपयांच्या सदस्यत्वाची जाहिरात केली, तेव्हा समाजमाध्यमांवर पुष्कळ थट्टा झाली. मला ती थट्टा पटली नाही. गरज खरी आहे. अशी सेवा देणाऱ्यांनी आदराने काम करावं आणि समाजाने त्यांना आदराने वागवावं.

पण आगाऊ पैसे घेतले की कायदा आला. आपल्याकडे या व्यवहारासाठी स्वतंत्र कायदा नाही. काही तुकडे आहेत. कंपन्यांनी ठेवी स्वीकारण्याच्या २०१४च्या नियमांनुसार सेवेपोटी घेतलेला आगाऊ पैसा ३६५ दिवसांत त्या सेवेपोटी वळता झाला नाही तर तो सर्वसाधारणपणे ठेव समजला जातो, आणि ठेवींना कडक अटी आहेत. वीस वर्षांनी द्यायच्या अंत्यविधीचे पैसे या नियमात सहजासहजी बसत नाहीत. महाराष्ट्राच्या १९९९च्या ठेवीदार संरक्षण कायद्यात आणि २०१९च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यात ठेवीच्या व्याख्येत “ठरावीक सेवेच्या रूपात” परत करायची रक्कमही धरली आहे. मात्र २०१९च्या कायद्यात धंद्याशी खरा संबंध असलेल्या आगाऊ रकमेला सूट आहे. या दोन टोकांमध्ये अंत्यविधी-सदस्यत्व नेमकं कुठे बसतं, ते स्पष्ट शब्दांत कुणीतरी सांगायला हवं. करांच्या बाबतीत मात्र कायदा निःसंदिग्ध आहे. अंत्यविधी, दफन, स्मशान, शवागार आणि मृतदेहाची वाहतूक या सेवा जीएसटीच्या तिसऱ्या परिशिष्टानुसार कराच्या बाहेर आहेत.

सरकारी मदत आहे ती विखुरलेली. कर्मचारी राज्य विम्यात विमाधारकाच्या अंत्यविधीसाठी १५ हजार, राज्याच्या बांधकाम कामगार मंडळाकडून नोंदीत कामगारासाठी १० हजार. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्यात ४३६ रुपयांत दोन लाखांचं संरक्षण मिळतं, पण ते पंचावन्नाव्या वर्षी संपतं. ज्या वयात माणूस मरणाचा विचार करू लागतो त्याच वयात तो उघडा पडतो.

कायदा स्पष्ट होईपर्यंत माझा सल्ला साधा आहे. बँकेत वेगळी छोटी ठेव ठेवावी, मुलाच्या किंवा विश्वासू नातलगाच्या संयुक्त नावाने, “दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेला” या अटीवर. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमा आहे. कंपनीचं सदस्यत्व घ्यायचंच असेल तर चार गोष्टी लेखी विचाराव्या: पैसे कोणाच्या खात्यात राहतील, मी गाव बदललं तर काय, मन बदललं तर किती परत मिळतील, आणि तुम्ही धंदा बंद केलात तर माझं काम कोण करील. इंग्लंड-अमेरिकेतल्या आपल्या लोकांनी आणखी दोन प्रश्न विचारावेत: भारतात येऊन मृत्यू आला तर काय, आणि अस्थी नाशिकला पोचवण्याचा खर्च त्यात आहे का. मग तो कागद घरातल्या निदान दोघांना दाखवून ठेवावा.

सरकारने करायचं कामही फार मोठं नाही, कारण इतरांच्या चुका समोर आहेत. ग्राहकाचा पैसा कंपनीच्या पैशात मिसळू न देणं. कंपनीशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसाकडून त्याची दरवर्षी मोजदाद, आणि तो आकडा जाहीर करणं. दलालीवर आणि दारोदार विक्रीवर बंदी. सोडून जायचा हक्क. मृत्यूची नोंद होताच योजनेचा पत्ता वारसांना कळेल अशी सार्वजनिक नोंदवही. ब्रिटनने वीस वर्षं दार उघडं ठेवलं आणि ४६ हजार वृद्धांनी त्याची किंमत दिली. आपल्याकडे हा धंदा अजून रांगतो आहे. नियम करायला याहून चांगली वेळ नंतर येणार नाही.

आजी २०१९ साली गेली. वडिलांनी जमलेल्या सगळ्यांसमोर रुमालाची गाठ सोडली आणि नोटा मोजल्या. सहा हजार, जागच्या जागी. खर्च त्याहून पुष्कळ झाला, उरलेला काकांनी घातला. पण तिच्या पैशांपैकी एक रुपयाही हललेला नव्हता, आणि ते पाहणारे आम्ही वीसजण होतो.